कॉइल स्प्रिंगच्या आत एअरबॅग टाकू का? आधी गाडी काट्यावर घाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१७ची स्कॉर्पिओ, सव्वा लाख किलोमीटर पळालेली. मागे लोखंडी बम्पर, त्यावर जादा स्टेपनी, टपावर तंबू, डिकीत फ्रिज आणि ड्रॉवर. गणपतीला पाच माणसं आणि सामान भरून देवगडला निघालात की मागची बाजू बसते, खराब पट्ट्यात खालून दणके येतात, आणि समोरचे लोक डिपर मारतात, कारण तुमचे दिवे त्यांच्या डोळ्यात जातात. कुणीतरी सांगितलं, मागच्या स्प्रिंगांच्या आत एअरबॅग टाक, काम फत्ते. तर टाकावी का, हवा किती ठेवावी, दोन्हींना मिळून एकच व्हॉल्व्ह चालेल का, आणि दगडाधोंड्यांत गाडी घातली तर त्रास होईल का.

मी कुर्ल्यात सस्पेन्शनचंच काम करतो, वीसेक वर्षं झाली. चारही प्रश्नांची उत्तरं देतो, पण त्याआधी पाचवा प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही: तुमच्या गाडीवरचं ओझं कायमचं आहे की येऊन-जाऊन? सगळं त्यावर आहे.

आधी वस्तू कोणती ते सांगतो, नावामुळे घोटाळा होतो म्हणून. अपघातात स्टिअरिंगमधून फुटते ती ही एअरबॅग नव्हे. (मीटरवरचा एअरबॅगचा दिवा लागणार का, असं एकाने मला विचारलं होतं.) ही जाड प्लास्टिकची लांबट पिशवी, साधारण दुधाच्या दोन लिटरच्या बरणीएवढी. कॉइल स्प्रिंगच्या पोटात उभी राहते, खालून किंवा वरून बारीक नळी निघते, नळीच्या टोकाला टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह. हवा भरली की पिशवी वर-खाली दोन्ही तबकड्यांना रेटते आणि स्प्रिंगचा काही भार स्वतःवर घेते. मूळ स्प्रिंग काढायची नाही, बदलायची नाही. म्हणूनच तिला हेल्पर म्हणतात. मदतनीस आहे, मालक नाही.

मदतनीस कशासाठी असतो? काम वाढलं की बोलवायचा, संपलं की घरी पाठवायचा. वर्षातून सहा वेळा गच्च भरून निघणारी आणि बाकी दिवस घाटकोपर ते अंधेरी एकट्याने फिरणारी गाडी असेल, तर एअरबॅगसारखी सोय नाही. निघताना हवा भरा, आल्यावर सोडा. तुमचा बम्पर मात्र सोमवारी सकाळी ऑफिसला जातानाही गाडीवरच असतो. तंबू तुम्ही बहुतेक दिवाळीपर्यंत उतरवत नाही. ड्रॉवर तर बोल्टने बसवलेत. हा कायमचा भार. त्यासाठी मदतनीस कायमचा कामाला लावणं म्हणजे मूळ स्प्रिंग कमी पडते हे झाकून ठेवणं.

म्हणून पहिलं काम गॅरेजमध्ये नाही, वजनकाट्यावर. वाशीच्या मार्केटच्या बाजूला ट्रकवाल्यांचे काटे आहेत. टाकी भरून, एकटे बसून, कायमच्या सगळ्या वस्तूंसकट आधी पूर्ण गाडीचं वजन करा, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. मग पुढच्या सहलीला निघताना, सगळी माणसं-सामान भरून, तीच दोन वजनं परत. ट्रकचा काटा आहे, दहा-वीस किलो इकडेतिकडे होतील, चालतंय.

लोकांचा वजनाचा अंदाज फार चुकतो. एक गिऱ्हाईक छातीठोकपणे म्हणाले, 'मागे शंभर किलोच्या वर काही नाही.' काट्यावर मागच्या एक्सलला पावणेतीनशे जास्त निघाले. पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन त्यांनी मोजलेच नव्हते, आणि ते एकटेच चाळीस किलो. शिवाय दुसरी एक गोष्ट डोक्यात येत नाही. एक्सलच्या मागे लटकलेलं वजन स्वतःपेक्षा जास्त भार टाकतं. पहारीने दगड उचलतो ना, तसं. स्कॉर्पिओच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २६८० मिलिमीटर. समजा स्टेपनीसकट बम्पर ८० किलोचा आहे आणि मागच्या एक्सलपासून मीटरभर मागे आहे. मग मागच्या एक्सलवर ८० नाही, ११० किलो येतात, आणि वरचे ३० पुढच्या चाकांवरून उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं, दिवे आभाळाकडे बघतात. तुमची दिव्यांची तक्रार अर्धी इथूनच आलेली असणार.

दुसरं काम, टेप घ्या. सपाट जागेवर गाडी उभी करून मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून नका मोजू, टायरची हवा मध्ये येते. डावं-उजवं दोन्ही. रिकामी असताना किती, भरल्यावर किती. रिकाम्या गाडीचं माप कंपनीच्या मूळ मापापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर कमी असेल, किंवा एक बाजू दुसरीपेक्षा खाली असेल, तर स्प्रिंग दमलेली आहे. सव्वा लाख किलोमीटर आपल्या रस्त्यांवर, वर कायमचं ओझं, यात नवल काही नाही. दमलेल्या स्प्रिंगच्या पोटात बॅग घालणं म्हणजे ढासळत्या भिंतीला आतून उशी लावणं. मी त्या गाडीला बॅग बसवत नाही. आधी स्प्रिंग. कायम शंभर-दीडशे किलो जास्त, कायम तीनशे किलो जास्त, अशा हिशेबाने केलेल्या जाड तारेच्या स्प्रिंगा बाजारात मिळतात. काट्याची पावती हातात असली की त्यातली कुठली, हे पाच मिनिटांत ठरतं.

आता हवेचा हिशेब. ही वस्तू नेमकं काय करते ते आकड्यांत बघितलं की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात.

समजा बॅगचा व्यास ४ इंच आहे. तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ झालं साधारण साडेबारा चौरस इंच. भरलेल्या गाडीत गेज २० पीएसआय दाखवतोय, म्हणजे दर चौरस इंचाला २० पाउंड. गुणाकार करा, २५० पाउंड, म्हणजे सुमारे ११३ किलो. एका बाजूला. तुमची स्प्रिंग साधारण ३० किलोला १ सेंटीमीटर दबत असेल असं धरलं, तर बॅगने एका बाजूची पावणेचार सेंटीमीटर बैठक उचलून धरली. १० पीएसआयला त्याच्या निम्मं. म्हणून 'किती हवा भरू' याचं उत्तर कुणाच्या गाडीवरून उचलू नका. टेप लावा, भरलेल्या गाडीची बैठक बघा, थोडी थोडी हवा भरत माप वर आणा. रिकाम्या मापाच्या सेंटीमीटरभर खाली आलं की थांबा. मी तरी तिथेच थांबतो. मागून उचललेली गाडी दिसायला रुबाबदार, पण पावसात ब्रेक मारला की कळतं.

यातली खरी गोम पुढे आहे. बॅगमध्ये कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी सरळ रेषेत वागत नाही. गेजवरच्या २० मध्ये बाहेरच्या हवेचा साडेचौदा धरला की खरा दाब होतो सुमारे ३५. खड्ड्यात चाक वर आलं, बॅग दबून तिचं आकारमान निम्मं झालं, की दाब दुप्पट, ७०. गेजच्या भाषेत ५५. म्हणजे बॅगचा रेटा एका क्षणात पावणेतीन पट. भरलेल्या गाडीत हेच हवं असतं, म्हणून खालचा दणका गायब होतो. पण तीच गाडी रिकामी करून, हवा तशीच ठेवून सायनमधून निघालात, तर मागच्या सीटवरचा माणूस प्रत्येक जोडावर टाळूला हात लावणार. आणि हा जो धक्का परत येतो, तो जिरवायचं काम बॅगचं नाही, शॉकअपचं. बॅग फक्त रेटते, थोपवत नाही. शॉकअप आधीच अर्धे गेलेले असतील तर बॅग लावल्यावर गाडी उड्या मारू लागते, आणि गिऱ्हाईक म्हणतं बॅग खराब. बॅगचा दोष नसतो. मागचे शॉकअप किती जुने, ते तुम्ही लिहिलेलं नाही. सव्वा लाख किलोमीटर तेच असतील तर तेही खर्चात धरा.

खोक्यावरच्या आकड्याबद्दल एक. एअर लिफ्ट या कंपनीच्या १००० नावाच्या जोडीवर १००० पाउंडांचा दावा असतो, म्हणजे दोन्ही मिळून साडेचारशे किलो, तेही कमाल ३५ पीएसआयला. लोक वाचतात, 'माझी गाडी आता साडेचारशे किलो जास्त घेणार.' नाही घेणार. बॅग गाडी समतल ठेवते. एक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर, रिम तेच आहेत. गाडीच्या पुस्तिकेत जे ग्रॉस वजन (गाडी, माणसं, सामान मिळून कमाल) लिहिलंय ते बॅगने एक किलोनेही वाढत नाही. काट्यावर भरलेली गाडी त्याच्या वर जात असेल, तर स्प्रिंग-बॅग काहीच नको, सामान कमी करा. तंबूपासून सुरुवात करा, कारण टपाची मर्यादाही त्याच पुस्तिकेत वेगळी दिलेली असते.

बसवायची पद्धत. स्प्रिंगच्या आत मोकळी जागा आहे का, हे आधी टॉर्च मारून बघावं लागतं. काही गाड्यांचा बम्पस्टॉप, म्हणजे एक्सल पार वर आला की अडवणारा रबराचा गट्टू, स्प्रिंगच्या आतच असतो, काहींचा बाहेर चॅसीला. आत असेल तर तो कापून बॅग बसवून देणारे बाजारात आहेत. मी देत नाही. शेवटचा मार झेलायचा रबराने, हवेच्या पिशवीने नव्हे. त्या मॉडेलसाठी आखूड बॅग मिळत असेल तर बघू, नाहीतर सरळ जाड स्प्रिंग.

जागा असेल तर काम दोन-अडीच तासांचं. गाडी चॅसीवर उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवायची, एक्सल जॅकवर हळूहळू खाली सोडायचा. या वेळी एक डोळा ब्रेकच्या होजवर आणि एबीएसच्या वायरवर. ताणल्या तर शॉकअपचा खालचा बोल्ट काढून घाई करू नका, आधी त्या मोकळ्या करा. बॅगमधली हवा पूर्ण पिळून काढायची, व्हॉल्व्हचं तोंड बंद करायचं, म्हणजे ती चपटी राहते. मग पोळीची गुंडाळी करतो तशी उभी गुंडाळून तारेच्या दोन वेढ्यांमधून आत सरकवायची. आत गेली की तोंड उघडायचं, ती फुलते. वर-खाली जाड चकती ठेवायची, नाहीतर तबकडीची कड बॅगला कुरतडते. नळी धारदार ब्लेडने काटकोनात कापायची. पकडीने कापलेली नळी चेपते आणि जोडात हवा गळते. नवीन बसवलेल्या बॅगची हवा आठवड्याने बसली अशी तक्रार येते, तेव्हा दहातली आठ वेळा दोष बॅगचा नसून या जोडाचा असतो.

नळी कुठून न्यायची यावर मी एकदा सपाटून मार खाल्लाय. सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. नळी छान दिसावी म्हणून चॅसीच्या आतल्या अंगाने ओढली, टायने बांधली, गाडी दिली. सायलेन्सर तिथून चार बोटांवर. मालक महाडच्या पुढे पोचले आणि उजवी बाजू खाली. पहाटेचे चार, पाऊस, सहा माणसं. बिचारे मला शिव्या न देता फोनवर फक्त 'वितळलीय' एवढंच म्हणाले. त्यानंतर नळी आणि बॅग दोन्ही सायलेन्सरपासून अर्धा फूट लांब, नाही जमलं तर मध्ये पत्र्याची आडोशाची पट्टी. बसवून झाल्यावर साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर, आणि गाडी रात्रभर हवा भरून माझ्याकडे.

आता एका व्हॉल्व्हचा प्रश्न. टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून दोन्ही बॅगा जोडल्या की भरायला सोपं, हे खरं. पण मग दोन्हींतली हवा एकच. आंबा घाटाच्या वळणावर गाडी डावीकडे कलली की डाव्या बॅगमधली हवा नळीतून उजवीकडे पळते, म्हणजे जिथे आधार हवा तिथून आधार निघून जातो आणि गाडी आणखी कलते. टपावर तंबू असलेल्या गाडीत हे मला अजिबात नको. दोन वेगळ्या नळ्या, दोन व्हॉल्व्ह, त्यावर डावा-उजवा लिहिलेलं. फ्रिज एका बाजूला असेल तर त्या बाजूला दोन पीएसआय जास्त, हा फायदा वेगळाच. सावकाश दगड चढणाऱ्या काही लोकांना टी आवडते, कारण एक चाक वर गेलं की दुसऱ्याला खाली जायला मोकळीक मिळते. त्यांचं त्यांना बरोबर असेल. तुम्हाला घरच्यांना घेऊन घाट उतरायचाय.

हवा भरायला पायाने मारायचा पंपच वापरा. बॅगमध्ये हवा मावतेच किती! पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने एक सेकंद जास्त दाबलं की काटा ३५च्या पलीकडे. गेज लावून तपासतानाही दोन-तीन पीएसआय फुस्सकन निघून जातात, तेवढे परत भरावे लागतात. आणि कधीही, अगदी रिकाम्या गाडीतही, ५च्या खाली नको. शून्यावर चालवलेली बॅग माझ्या टेबलावर अजून ठेवलीय, लोकांना दाखवायला. बाहेरून काही कळत नाही. हातात घेऊन फिरवली की एका उंचीवर अर्ध्या चंद्रासारखा काप दिसतो, बोटाचं पेर आत जाईल एवढा. ढिली पिशवी दोन वेढ्यांच्या मधल्या फटीत घुसली, स्प्रिंग मिटली, आणि तारेने तिला चावलं.

ऑफरोडला हाच धोका उलट बाजूने येतो. चाक हवेत लोंबकळलं की स्प्रिंग लांबते, वेढे उघडतात, आणि जास्त हवेची बॅग त्या फटींतून बाहेर फुगते. चाक परत टेकलं की पुन्हा चावा. शिवाय जास्त हवेमुळे मागचा एक्सल ताठ होतो, चाक खाली जायला नकार देतं, पकड सुटते. म्हणून कच्च्या रस्त्याला लागण्याआधी हवा कमी करायची. रिकामी गाडी असेल तर ५ ते ७. भरलेली असेल तर दहाच्या आसपास ठेवून सामान सावकाश न्यायचं. परत डांबरावर आलात की पंप. कंटाळवाणं आहे, पण टायरची हवा कमी-जास्त करताच ना, त्यातलाच प्रकार. स्प्रिंगखाली चकती टाकून गाडी उचललेली असेल किंवा लांब शॉकअप असतील, तर बॅगची लांबी त्या मापाची घ्यावी लागते, मूळ गाडीची चालत नाही. तुम्ही लिफ्टचं काही लिहिलेलं नाही, असेल तर आधी सांगा.

एक गोष्ट बहुतेक मेकॅनिकसुद्धा विसरतात. काही गाड्यांमध्ये मागच्या एक्सलपासून एक बारीक रॉड वर ब्रेकच्या व्हॉल्व्हला जोडलेला असतो. गाडी मागे बसली की त्या व्हॉल्व्हला कळतं ओझं आहे, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. बॅगने गाडी रिकाम्या मापाला उचलून धरली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. ओझं पूर्ण, मागचा ब्रेक अर्धा. गाडीखाली वाकून हा रॉड आहे का बघा. असेल तर बसवणाऱ्याला त्याची सेटिंग तपासायला सांगा, आणि मी मघाशी सेंटीमीटरभर खाली थांबतो म्हणालो, त्याचं एक कारण हेही.

पावसाळ्याचं फार लांबवत नाही. चिखल आणि काशिदच्या किनाऱ्याची वाळू बॅग आणि तार यांच्यामध्ये बसली की सँडपेपर तयार. सहलीहून आल्यावर चाकाच्या आतून पाण्याचा फवारा मारा, स्प्रिंगच्या वेढ्यांमधून. ऑक्टोबरात एकदा एक्सल सोडून बॅग बाहेर काढून बघायची.

पिकअपवाले वाचत असतील तर त्यांना एवढंच: पाट्यांच्या गाडीची (कॉइलऐवजी एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) एअरबॅग ही वेगळी चीज आहे, ती एक्सल आणि चॅसीच्या मधोमध बसते. पाटे दोन टोकांना भार वाटतात, बॅग एका ठिकाणी चॅसीला रेटते, आणि मागे लांब ओझं असेल तर चॅसी तिथेच वाकल्याची उदाहरणं आहेत. कॉइलमधली बॅग स्प्रिंगच्याच जागी रेटते, म्हणून हा धोका इथे कमी. वरचं सगळं त्यांना जसंच्या तसं लागू करू नका.

तुमच्या गाडीपुरतं माझं मत असं बनतंय: तंबू आणि ड्रॉवर ठेवायचेच असतील तर आधी मागच्या दोन्ही स्प्रिंगा कायमच्या भाराच्या हिशेबाने नव्या, सोबत शॉकअप. मग गणपतीच्या पाच माणसांसाठी आणि गावाहून येताना भरणाऱ्या पोत्यांसाठी बॅग, वेगळ्या दोन नळ्यांवर. जाताना दहा-बारा, येताना त्याहून थोडी जास्त, घरी पोचल्यावर ५-७. पण स्प्रिंगा बदलल्यावर कदाचित बॅगची गरजच उरणार नाही. तसं निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि तुमचे पैसे वाचतील.

काट्याच्या चार पावत्या, चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची डावी-उजवी मापं रिकामी आणि भरलेली, आणि मागच्या स्प्रिंगचा टॉर्च मारून खालून काढलेला एक फोटो, ज्यात आतला गट्टू दिसतोय की नाही ते कळेल. एवढं टाका, मग स्प्रिंग कुठली घ्यायची ते आकड्यासकट सांगतो.